भट्टी वस्तीची जोडणी

भट्टी वस्ती, येरवडा
१४ ऑगस्ट २०००

मा. श्री. दिगंबर वाळिंबे,
उपअभियंता, मलनिःसारण खाते
यांना सा. न. वि. वि.

आपली-माझी ओळख नाही. मी नजमा तांबोळी. वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवते आणि बावीस वर्षं याच वस्तीत राहते. आपल्या कचेरीत तीनदा फोन केला. तिन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. पत्राला निदान आवक क्रमांक मिळतो, म्हणून पत्र.

आमच्या वस्तीत दोनशे बारा घरं. घरपट्टीच्या बिलात दरवर्षी 'मलनिःसारण' म्हणून आकार असतो आणि आम्ही तो भरतो. वस्तीत ड्रेनेजची लाईन नाही. बहुतेक घरांचं मैलापाणी मागच्या नाल्यात जातं. त्याच नाल्याच्या पलीकडे आता काचेची मोठी इमारत झाली आहे. कॉम्प्युटर कंपन्यांची. तिच्यासाठी लाईन आठ महिन्यांत आली.

परवा पेपरात वाचलं की शहरासाठी ड्रेनेजचे नवे दर ठरवायला समिती नेमली आहे आणि आपण तिचे सचिव आहात. आमचा प्रश्न साधा आहे. जे मिळत नाही त्याचे पैसे आम्ही का द्यायचे, आणि नवे दर ठरवताना आम्हाला कोणी विचारणार आहे का?

आपलं नाव आमचे शेजारी गेनबाकाका यांनी सुचवलं. ते आपल्या खात्यात बिगारी होते. म्हणाले, "बाई, वाळिंबेसायबांना लिवा. बाकीचे कागद वाचत न्हाईत, त्ये वाचत्यात."

कळावे,
नजमा तांबोळी


एरंडवणे
२९ ऑगस्ट २०००

श्रीमती तांबोळी यांना सा. न. वि. वि.

हे उत्तर घरच्या पत्त्यावरून लिहितो आहे. कचेरीतून लिहिलं असतं तर 'आपले पत्र संबंधितांकडे पाठवले आहे' यापलीकडे काही लिहिता आलं नसतं. संबंधित मीच आहे.

आपला प्रश्न साधा आहे असं आपण म्हणता. बत्तीस वर्षं मी या खात्यात आहे, मला तो साधा वाटत नाही. आजवर ड्रेनेजचा आकार घराच्या किमतीवर बसवला जात आला. घर मोठं, आकार मोठा. लाईन आहे की नाही हे बघायची पद्धतच नाही. आता लाईन आणि शुद्धीकरण केंद्रांसाठी कर्ज घ्यायचं आहे, आणि कर्ज देणारे म्हणतात, खर्च वसूल होईल असे दर लावा. हरकत नाही. पण कोणाकडून किती? माझं मत असं, की जो जितकं पाणी वापरतो तितकं घाण करून सोडतो. त्याने तितकं द्यावं. ज्याच्या दारात लाईन नाही त्याने काहीच देऊ नये.

समितीत अकरा जण आहेत. त्यांच्यापुढे नुसतं मत ठेवून भागणार नाही, आकडे लागतील. तुमच्या वस्तीत माणशी किती पाणी वापरलं जातं हे शहरात कोणालाही माहीत नाही, कारण तिथे मीटर नाहीत. आपण शिक्षिका आहात. घरोघरी विचारून यादी करता येईल का? हा हुकूम नाही, विनंती आहे.

गेनबा कसा आहे? लाईन तुंबली आहे की फुटली आहे हे तो झाकणापाशी उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा. माझी पदवी त्या वेळी खिशातच राहायची. त्याला माझा नमस्कार सांगा.

दि. ग. वाळिंबे


भट्टी वस्ती
८ ऑक्टोबर २०००

वाळिंबे साहेब, स. न.

यादी झाली. दोनशे बारापैकी दोनशे नऊ घरं. तीन घरांना कुलूप आहे.

मी आणि गेनबाकाका रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर निघायचो. मला वाटलं होतं, लोक पाणी वाढवून सांगतील, नाहीतर लपवतील. पण काकांसमोर कोणाचं चालत नाही. एक बाई म्हणाल्या, चार हंडे. काका म्हणाले, "आन् ते मोरीतलं पिंप कुनाचं?" बाई हसल्या, म्हणाल्या, "बरं, पिंप धरा." हंडा किती लिटरचा, घागर किती, हे आम्ही आधी मोजून घेतलं होतं.

माणशी सरासरी त्रेचाळीस लिटर निघालं. यमुनाबाईंनी, म्हणजे काकांच्या मंडळींनी, विचारलं, हे बरं की वाईट? आपण सांगा.

साहेब, एक गोष्ट लिहिते. बावीस वर्षांत आमच्या दारात मतं मागणारे आले, घरं मोजणारे आले, नोटिसा लावणारे आले. तुम्ही पाणी किती वापरता, पुरतं का, हे विचारायला कोणी आलं नव्हतं. लोकांना ते फार आवडलं. आता रोज कोणीतरी मला रस्त्यात अडवून विचारतं, "बाई, सायबाचा कागद आला का?"

काकांनी नमस्कार सांगितला आहे. त्यांना दम लागतो, पण कबूल करत नाहीत.

नजमा तांबोळी


एरंडवणे
२ नोव्हेंबर २०००

नजमाबाई, स. न.

आपली यादी मी दोनदा वाचली. त्रेचाळीस लिटर! आमच्या सोसायटीत माणशी दोनशेच्या वर पाणी जातं, आणि तरी पाणी कमी येतं म्हणून आम्ही सभा भरवतो. त्या सभेचा अध्यक्ष मीच असतो. आपल्या पलीकडची काचेची इमारत बोअर आणि टँकर मिळून किती घेते ते मी काढायला सांगितलं आहे. एका इमारतीचं पाणी तुमच्या अख्ख्या वस्तीच्या किती पट निघेल ते बघू.

आता एकच गोष्ट कमी आहे. यादीत आणखी एक रकाना घाला: 'घरातलं मैलापाणी कुठे जातं?' लाईन नसलेल्यांना आकार माफ करा असं मी सुचवणार आहे. तेव्हा कोणाकडे लाईन नाही हे घरागणिक दाखवावं लागेल. नुसतं 'बहुतेक घरांचं नाल्यात' हे चालणार नाही.

आणि यादी टाईप करून पाठवा. हाताने लिहिलेला कागद आमच्याकडे अर्ज समजला जातो, टाईप केलेला अहवाल.

दि. ग. वाळिंबे


भट्टी वस्ती
१० डिसेंबर २०००

वाळिंबे साहेब, स. न.

सोबत अहवाल. माझे मिस्टर कादर बुधवार पेठेत घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून तीन दिवसांत छापून घेतला. असा सरळ रेघांत बघितल्यावर आमची वस्ती मलाच ओळखू येईना.

नव्या रकान्यावरून मात्र जरा अडलं. एकशे एकाहत्तर घरांचं पाणी नाल्यात जातं. उरलेली अडतीस घरं आमच्या गल्लीतली, त्यात माझंही घर आहे. ती एका पायपाने काकांच्या दारातल्या चेंबरला जोडली आहेत, आणि चेंबर पुढे रस्त्याखालच्या मोठ्या लाईनला. हे सगळं १९८४ साली काकांनी स्वतःच्या हातांनी केलं. त्याआधी त्या गल्लीत दोन वर्षांत काविळीने पाच माणसं गेली होती. जोडणी झाल्यावर एकही नाही.

मी ते लिहायला घेतलं तर काका म्हणाले, "बाई, त्ये नगा लिवू. पानी जातंय तिथं जाऊ द्या, त्याला कागदावर कशाला आनायचं?" मी म्हटलं, "काका, एक घर खोटं लिहिलं की सगळी यादी खोटी ठरते." मग मी सांगितलं की हा रकाना साहेबांनीच मागितला आहे. त्यांनी विचारलं, "सायबांनी? सोता?" मी आपलं पत्र वाचून दाखवलं. तेव्हा म्हणाले, "मग लिवा. सायबांना ठावं हाय काय करायचं त्ये."

म्हणून लिहिलं आहे. अनुक्रमांक एक ते अडतीस.

आपली,
नजमा तांबोळी


एरंडवणे
३ ऑगस्ट २००१

नजमाबाई, स. न.

उत्तराला फार उशीर झाला. आधी समितीची बैठक चारदा पुढे गेली, मग मीच लिहायचं टाळत राहिलो.

निर्णय झाला आहे. आपल्याला हवा होता तसा नाही.

मी माझा प्रस्ताव मांडला. पाण्याच्या वापरावर दर, लाईन नाही त्यांना माफी. आपली यादीही पुढे ठेवली. सगळ्यांनी ती हातात घेतली, छपाईचं कौतुक केलं. मग सल्लागार कंपनीच्या दोन मुलांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांचं म्हणणं असं, की शहरात मीटर नाहीत, बोअरचं आणि टँकरचं पाणी मोजता येत नाही, तेव्हा पाण्यावर दर लावणं व्यवहार्य नाही. जोडणीवर लावा. एक जोडणी, एक दर. सगळ्यांना समान म्हणजे न्याय्य. धंद्याच्या जागेला पंधरा पट. टाळ्या पडल्या नाहीत एवढंच.

मी विचारलं, चार हजार माणसांची इमारत म्हणजे एक जोडणी का? उत्तर आलं, हो, पण पंधरा पटीने. म्हणजे ती इमारत तुमच्या पंधरा घरांएवढं देणार. अकरापैकी नऊ हात वर झाले. एक सभासद चहाला गेले होते. विरोधात एक हात माझा होता, पण सचिवाला मत नसतं हे मला तेव्हाच सांगण्यात आलं.

नाल्यात पाणी सोडणाऱ्या घरांना तूर्त आकार नाही, एवढं पदरात पडलं. बाकीच्या घरांचं प्रकरण खात्याकडे तपासणीला दिलं आहे. त्यात विशेष काही नसावं.

दि. ग. वाळिंबे


भट्टी वस्ती
१९ नोव्हेंबर २००१

वाळिंबे साहेब, स. न.

'विशेष काही नसावं' असं आपण लिहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी खात्याची गाडी आली. एक साहेब आणि सहा माणसं. साहेबांच्या हातात आमचाच अहवाल होता, बुधवार पेठेत छापलेला. वर 'परिशिष्ट तीन' असा शिक्का. त्यांनी नावं वाचली, एक ते अडतीस, जशी मी लिहिली तशी. म्हणाले, ही अनधिकृत जोडणी आहे, खात्याच्या नकाशावर ही चेंबर नाही. रस्त्यावरचं झाकण उघडून आमच्या पायपाचं तोंड विटा आणि सिमेंटने बंद केलं. अर्ध्या तासाचं काम.

मी म्हटलं, अहो, या घरांना शौचालयं आहेत, लहान मुलं आहेत, पाणी जाणार कुठे? ते म्हणाले, "बाई, रीतसर अर्ज करा. नवीन जोडणी घ्या, नवीन दराने कर भरा. चोरून का वापरता?"

चोरून म्हणाले, साहेब. गेनबाकाका तिथेच उभे होते. त्या सहा माणसांपैकी दोघं त्यांच्या हाताखाली शिकलेले. ते दोघं खाली मान घालून काम करत होते. मी काकांना म्हटलं, तुम्ही सांगा ना काहीतरी, तुम्ही खात्यातले. ते म्हणाले, "वाळिंबेसायब बगतील." तेवढंच. घरात गेले आणि दार लावून घेतलं.

गल्लीतल्या बायका मला काही बोलत नाहीत. रस्त्यात अडवतही नाहीत.

हे कसं झालं? आपण काय करणार आहात?

नजमा तांबोळी


एरंडवणे
११ डिसेंबर २००१

नजमाबाई, स. न.

झाल्या प्रकाराचं मला फार वाईट वाटलं. तपासणी इतक्या लवकर होईल याची कल्पना नव्हती.

कृपया अडतीस घरांनी नियमित जोडणीसाठी अर्ज करावेत. नमुना सोबत आहे. जागेचा उतारा, घरपट्टीची पावती, आणि चेंबर कोणाच्या परवानगीने बांधली याचा पुरावा असल्यास तो जोडावा. नसल्यास तो रकाना मोकळा सोडावा. मी पाठपुरावा करीनच. खात्यात मी आता थोडेच महिने आहे, मेअखेर निवृत्त होतो आहे, त्यामुळे माझ्या शब्दाला पूर्वीइतकं वजन नाही हे आपण समजून घ्याल. थोडा धीर धरावा.

गेनबाला सांगा, मी विसरलेलो नाही.

दि. ग. वाळिंबे


भट्टी वस्ती
१७ फेब्रुवारी २००२

वाळिंबे साहेब,

गेनबाकाका गेले. मंगळवारी, सकाळी सातच्या सुमारास.

अर्ज डिसेंबरातच दिले होते. त्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत असेल, आम्हाला नाही. तीन महिने गल्लीत मैलापाणी उभं आहे. आम्ही दारांत विटा लावल्या, विटांवर फळ्या टाकल्या. आठ घरांत कावीळ आली. पाचव्या घरातली दिवस गेलेली बाई ससून रुग्णालयात आहे, तिचं मूल राहिलं नाही. ज्या दिवशी ते कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका पहार आणि दोर घेऊन रस्त्यावर गेले.

मी शाळेत जायला निघाले होते. पाहिलं तर झाकण बाजूला केलेलं, दोराचं टोक खांबाला बांधलेलं, आणि यमुनाबाई कडेला उभ्या. मी ओरडले, "काका, वर या!" आतून म्हणाले, "दोनच इटा ऱ्हायल्यात." मग पहारेचे आठ-दहा ठोके ऐकू आले. मग पायपाचं तोंड फुटल्याचा मोठा आवाज झाला. तीन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम आलं असणार. त्यानंतर काही ऐकू आलं नाही.

दोर ओढला तर हलका लागला. त्यांनी तो कमरेला बांधलाच नव्हता, हातात धरला होता. अग्निशमनवाले यायला पाऊण तास लागला. तोवर लोक झाकणाभोवती उभे होते आणि कोणाला उतरू देत नव्हते, कारण वास सगळ्यांना कळत होता.

दोन दिवस आमची गल्ली कोरडी होती. पंचनाम्यानंतर खात्याने तोंड पुन्हा बंद केलं. या वेळी काँक्रीटने.

आता मला जे विचारायचं आहे ते विचारते. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई मला म्हणाल्या, "बाई, त्यांनी मला कुनाला सांगू नगं म्हनून शपत घातली हुती. आता ती कुनासाठी पाळू?" त्या म्हणतात की १९८४ साली ती जोडणी आपण सांगून करवून घेतली. उरलेले पाईप आपण दिले. लाईनला भोक पाडलं तेव्हा आपण शेजारी उभे होतात. काका कायम म्हणायचे, सायबांची नोकरी जाईल, नाव काढू नगंस.

हे खरं आहे का? हो किंवा नाही एवढंच कळवा.

नजमा तांबोळी


एरंडवणे
५ मार्च २००२

नजमाबाई,

हो.

एवढंच लिहून पत्र टाकायला गेलो होतो. पेटीपाशी जाऊन परत आलो. तुम्हाला सगळं कळायला हवं.

१९८४ साली मी कनिष्ठ अभियंता होतो. तुमच्या गल्लीतला पाचवा माणूस गेला त्या आठवड्यात गेनबा कामावर आला नाही, म्हणून मी त्याला बघायला वस्तीत गेलो. मेलेला मुलगा त्याचा पुतण्या होता. अकरा वर्षांचा. मी गल्ली पाहिली आणि गेनबाला म्हणालो, प्रस्ताव पाठवला तर दहा वर्षं लागतील, तू जोडून टाक, मी आहे. दुसऱ्या एका कामावरचे पाईप उरले होते ते दिले. कागद केला नाही. करता आला असता, वरिष्ठ चांगले होते. पण मला भीती वाटली, आणि पुढे कधीतरी करू म्हणून राहिलं.

तो रकाना मी तुम्हाला घालायला सांगितला तेव्हा ही चेंबर माझ्या लक्षात नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलो. लक्षात होती. मला वाटलं, त्या यादीत ती आपोआप येईल, माझ्या तोंडून काही न येता नियमित होऊन जाईल, आणि माझ्या मनावरचं ओझंही उतरेल.

जुलैच्या बैठकीत अध्यक्षांनी यादी चाळता चाळता विचारलं, "वाळिंबे, ही अडतीस घरांची चेंबर आपल्या नकाशावर आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग परवानगी कोणी दिली?"

सगळे माझ्याकडे बघत होते असंही नाही. दोघं चहा पीत होते. मी म्हणालो, "शोधावं लागेल."

तेवढं एक वाक्य. 'मी दिली' म्हणालो असतो तर जोडणी त्याच दिवशी कागदावर आली असती. माझी चौकशी झाली असती, कदाचित निवृत्तिवेतन अडलं असतं. दहा महिने उरले होते. त्या दहा महिन्यांसाठी मी तसं बोललो. डिसेंबरात तुम्हाला 'तो रकाना मोकळा सोडावा' असं लिहिलं, तेव्हा त्या रकान्यात माझं नाव यायला हवं होतं.

गेनबाला हे सगळं कळलं असणार. रस्त्यावर उभा राहून तो 'सायब बगतील' म्हणाला, ते माझ्यावर विश्वास होता म्हणून, की मला वाचवायला, हे मला कळत नाही. कळून घ्यायची हिंमतही नाही.

खात्याने चौकशी नेमली आहे. मी लेखी जबाब देणार आहे. यमुनाबाईंना भेटायला यावं का?

दिगंबर वाळिंबे


भट्टी वस्ती
१४ मार्च २००२

वाळिंबे साहेब,

येऊ नका. यमुनाबाईंना आपलं पत्र वाचून दाखवलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "त्यांना म्हनावं, मला पैसा नगं. फकस्त सरकारी कागदावर लिवून द्या की त्यो चोर न्हवता."

पेपरात 'चोरीची जोडणी फोडताना वृद्धाचा मृत्यू' असं छापून आलं आहे. त्यांचा मुलगा वाघोलीला एका बांधकामावर आहे, तिथे त्याला लोक विचारतात.

एवढं होईल का ते बघा.

नजमा


एरंडवणे
२३ सप्टेंबर २००२

नजमाबाई,

सोबत चौकशी अहवालाची प्रत आहे. पान सात बघा. आधी सांगतो, म्हणजे ते वाचताना तुम्हाला एकदम धक्का बसणार नाही. यमुनाबाईंना हवं होतं तसं झालेलं नाही.

मी चौदा पानांचा जबाब दिला. तारीख, पाईपांची संख्या, लाईनला कुठे भोक पाडलं ती जागा, सगळं. चौकशी अधिकारी सभ्य गृहस्थ आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "सर, लेखी आदेश आहे?" नाही. "मोजमाप पुस्तकात नोंद?" नाही. "साक्षीदार?" म्हटलं, होता, तो चेंबरमध्ये मेला. ते म्हणाले, "सर, मी समजू शकतो. तुमची जुनी माणसं, तुम्हाला वाईट वाटतंय." मी म्हणालो, मला वाईट वाटतं म्हणून नाही, मी केलं म्हणून सांगतोय. त्यांनी ते लिहून घेतलं.

अहवालात माझ्यावर कारवाई नाही. जबाब भावनेच्या भरात दिलेला दिसतो, पुरावा नाही, म्हणून विचारात घेतलेला नाही. निवृत्तिवेतन जूनपासून पूर्ण सुरू झालं. ज्यासाठी मी गप्प बसलो ते बोलूनही मिळालं. म्हणजे त्या दिवशी बोललो असतो तरी कदाचित काही बिघडलं नसतं.

माहितीच्या अधिकाराचा नवा कायदा होतो आहे असं ऐकतो. कोर्टात जाता येईल. वकिलाशी बोललो, तो म्हणतो आठ-दहा वर्षं धरा. पुढे काय करावं असं तुम्हाला वाटतं? तुम्ही म्हणाल ते करीन.

दिगंबर वाळिंबे


भट्टी वस्ती
७ ऑक्टोबर २००२

वाळिंबे साहेब,

अहवाल मिळाला. यमुनाबाईंना वाचता येत नाही. वाचून दाखवायला मीच होते. पान सातवर आल्यावर 'विनापरवाना' आणि 'चोरीची जोडणी पूर्ववत करण्याच्या हेतूने' हे शब्द गाळावेत असं मनात आलं. मुलांचे धडे वाचताना अवघड शब्द गाळते तसे. गाळले नाहीत.

त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचलं.

"सायबानं सांगितलं त्ये यात हाय का?"

"दोन ओळी आहेत. पुरावा नाही म्हणून सोडून दिल्यात."

"मंजी सायब खोटं बोलला आसं लिवलंय?"

"तसं नाही लिहिलं. पण खरं धरलेलं नाही."

त्यांनी विचारलं, "मग आता चोर त्योच?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मंगळवारी मुलगा येऊन त्यांना वाघोलीला घेऊन गेला. जाताना त्यांनी मला काही निरोप दिला नाही. तुमच्यासाठीही नाही.

अडतीसपैकी तेरा घरं सोडून गेली. उरलेल्यांना गेल्या महिन्यात बिलं आली, नव्या दराने, प्रत्येकी एक जोडणी. अर्ज केला म्हणजे आपण लाभार्थी झालो असा नियम आहे म्हणे. मी खिडकीवर जाऊन विचारलं, लाईन कधी येईल? तिथल्या बाईंनी चांगल्या शब्दांत सांगितलं, लाईनचं ते खातं वेगळं, आमचं वसुलीचं. पलीकडच्या इमारतीला आणखी एक इमारत जोडली आहे. जोडणी एकच आहे.

साहेब, यादीत नावं मी लिहिली. काका नको म्हणत असताना लिहिली. तुम्ही तुमचं सांगितलंत, आणि कोणी धरलं नाही. माझं मी कोणाला सांगू? गल्लीतले लोक माझ्याशी पुन्हा बोलायला लागलेत, त्याचाच जास्त त्रास होतो. आता मुलांना गणितं घालताना लिटरचं गणित आलं की मी ते वगळते.

पुढे काय करायचं असं तुम्ही विचारलंत. मला माहीत नाही. कोर्टाचं तुम्ही तुमच्या मनाने ठरवा, माझं नाव घालू नका. सध्या आम्ही घरातलं मैलापाणी बादल्यांत भरून नाल्यावर नेऊन ओततो. आज न्यायची पाळी माझी आहे. सकाळची शाळा आठला भरते, त्याआधी सहा खेपा होतात. तेव्हा इथेच थांबते.

नजमा तांबोळी